नळावरची वही

शाळेला कुलूप लागलं त्या आठवड्यात
पाणी-समितीने नळाची किल्ली माझ्या हातात दिली.
दोन तोट्या, वर पत्रा, एक तिपाई
आणि शंभर पानी वही:
नाव, बादल्या, क्वाचा.
शेवटचं वर्ष अर्धंच राहिलंय तुझं, म्हणाले,
तेवढ्यात हिशेब जमेल.

तळ्यावरून वारा यायचा
वाळत घातलेल्या उसिपा मासळीचा वास घेऊन.
चुन्याने आखलेल्या वर्तुळांत बाया उभ्या राहायच्या,
जुन्या चितेंजेच्या तुकड्यांचे मास्क बांधून.
मास्कने पुष्कळांची सोय केली.
फुटलेला ओठ झाकायला
निमित्त शोधावं लागेना.

मी पाहिलेलं सांगते, ऐकलेलं नाही.
झैनाबू डाव्या हाताने बादली उचलायची.
ती डावरी नाही.
मेरियामू रोज चार न्यायची, मग दोन,
मग तिची धाकटी यायला लागली,
बादलीपेक्षा जराशीच उंच.
आणि असियातू. माझ्याच वर्गातली,
भूमितीत माझ्या पुढे.
मे महिन्यात एका बोटवाल्याशी तिचं उरकून टाकलं.
ती यायची भर उन्हात, ओळ नसताना,
नाणी मोजून द्यायची
आणि वर बघायची नाही.

मी नावांपुढे टिंब द्यायला लागले.
नुसतं टिंब.
कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते, पेन गळतंय.
जुलैपर्यंत
पानाला देवी आल्यासारखं झालं.

वही घेऊन गावप्रमुखाकडे गेले.
आंब्याखाली खुर्ची टाकून बसला होता, दोन हात लांब.
भांड्याला भांडं लागायचंच, म्हणाला,
पुरुष घरात बसलेत, बाजार बंद, वर्ष वाईट आहे.

अहो, मी नळावर बसते.
दिवसाला चारशे भांडी माझ्यासमोर एकमेकांवर आदळतात.
भांड्याला भांडं लागलं
तर पोचा कधी याला येतो, कधी त्याला.
या वहीतले सगळे पोचे
एकाच भांड्याला कसे?

हे मी त्याला म्हणाले नाही.
घरी येताना सुचलं.

भाऊ सायकल-टॅक्सी चालवतो. ट्वाइबू.
त्याला पानं दाखवली.
त्याचं बोट उतरत उतरत
जाफालीच्या बायकोपाशी थांबलं.
जाफाली त्यांचा गोलकीपर.
ट्वाइबूने वही मिटली
आणि सायकलची चेन साफ करत बसला,
साफ होती तरी.
तीन दिवस माझ्याशी बोलला नाही.
चौथ्या दिवशी म्हणाला:
ठाणं अकरा किलोमीटर. मागे गादी बांधली
तर पोरासकट बाई बसेल. पैसे घेणार नाही.

मग त्याचे मित्र. सगळे नाहीत,
चौदांतले पाच.
त्यातला पाचवा म्हणाला,
मीही एकदा हात उचललाय. चालेल का मी?
कुणी काही बोललं नाही.
तो वाकून चाकात हवा भरत राहिला.
त्याला काय उत्तर द्यायचं होतं
ते मला अजून ठाऊक नाही.

खूण ठरली: बादली उलटी ठेवायची,
उजव्या तोटीपाशी.
मी काही विचारणार नाही, फक्त शिट्टी वाजवेन.
अकरा दिवस
एकही बादली उलटी झाली नाही.
ट्वाइबू रोज गादी बांधायचा, रोज सोडायचा.

बाराव्या दुपारी असियातू आली.
नाणी मोजली. बादली भरली. डोक्यावर घेतली.
दहा पावलं गेली असेल.
मग वळली,
भरलेली बादली धुळीत ओतली, सगळी,
उलटी केली
आणि तिच्यावर बसली.
मास्क हनुवटीखाली ओढला.

लिही, म्हणाली.
टिंब नको. नाव लिही.
माझं नाही. त्याचं.

शिट्टी वाजवायची राहूनच गेली,
तरी चढावर सायकलची घंटा ऐकू येत होती.
मी पेनाचं टोपण शोधत होते इकडे तिकडे.
ते माझ्याच दातांत होतं.